झेरॉक्सच्या दुकानातल्या काकांना, टेंडरवाल्या पोरीकडून

काका, नमस्कार. मोबाईलवर एवढं लांबडं तुम्ही वाचत नाही हे माहितेय, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय आणि एक प्रिंट काढून तुमच्या टेबलावर ठेवायला तुमच्या मुलाला, दादाला सांगितलंय. एका बाजूलाच काढायला सांगितलंय, पाठपोट तुम्हाला चालत नाही.

बाकीच्यांना आधी थोडं सांगते. आमची चौघांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी, कोल्हापुरात राजारामपुरीत, खाली पिठाची गिरण आणि वर आम्ही. उद्यमनगरातल्या फौंड्रीवाल्यांना स्टॉक आणि बिलिंगची सॉफ्टवेअर करून द्यायची, दोन-तीन शाळांचं काम, एका निमसरकारी संस्थेचं काम, असं चाललेलं. मग डोक्यात आलं की सरकारी टेंडर भरूया. पहिलं भरलं आणि टेक्निकल लिफाफ्यातच उडालो, म्हणजे पात्रतेचे कागद तपासतानाच, रेट उघडायच्या आधी. का, तर सीएच्या टर्नओव्हर सर्टिफिकेटवर यूडीआयएन नव्हता. तो १८ अक्षर-आकड्यांचा नंबर असतो, सीएंच्या सर्टिफिकेटला २०१९ पासून लागतोच, कुणीही ऑनलाईन टाकून सर्टिफिकेट खरं का खोटं बघू शकतं. आम्ही रात्री जागून ४० स्लाईडचं प्रेझेंटेशन केलेलं, ते बघायची वेळच आली नाही. त्या ऑफिसचं नाव घेत नाही, चूक आमचीच होती, पण तेव्हा मी सगळ्यांना सांगत सुटले होते की सेटिंग आहे, आधीच ठरलेलं असतं.

दुसरं टेंडर निघालं तेव्हा १४८ पानं प्रिंट करायला तुमच्या दुकानात आले. नागरिकांच्या तक्रारींचं पोर्टल आणि मोबाईल ॲप, तीन वर्षं मेंटेनन्स. दादा प्रिंट देत होता आणि तुम्ही बाजूला खुर्चीत बसून गरम गरम पानं उचलून वाचायला लागलात. मला खरं सांगायचं तर रागच आला, म्हटलं हे कोण आमचे कागद वाचतंय. आणि तुम्ही चष्म्यावरून बघून एकच विचारलं, "कॉरिजेंडम कुठाय?"

मी म्हटलं कसलं?

"अगं मूळ टेंडर निघाल्यावर अटी बदलत्यात, तारखा बदलत्यात. ते बघितल्याबिगर प्रिंट काढून काय रद्दी घालणार हाईस?"

तिथंच मोबाईलवर महाटेंडर्स, म्हणजे राज्याचं टेंडरचं पोर्टल, उघडलं तर दोन शुद्धिपत्रकं येऊन पडलेली. एकात तर एक आख्खं परिशिष्टच बदललेलं. म्हणजे मी जुन्या फॉरमॅटमध्ये शपथपत्र करून दुसऱ्यांदा उडायची पूर्ण तयारी करून बसले होते.

मग कळलं की तुम्ही ३० वर्षं सरकारी नोकरीत, त्यातली बरीचशी टेंडर शाखेत, लाखेचं सील फोडून लिफाफे उघडायच्या काळापासून. निवृत्त झाल्यावर घरात करमत नाही म्हणून मुलाच्या दुकानात बसता. त्या दिवशी तुम्ही जे सांगितलं ते मी ऑफिसच्या भिंतीवर लिहून लावलंय. "उघडणाऱ्याच्या म्होरं एक तक्ता असतोय. अट, आहे का नाही, पान नंबर. तुझं ॲप भारी हाय का नाही ते त्यानं त्या दिवशी ठरवायचंच नसतंय, त्यानं पान नंबर हुडकायचा असतोय. हुडकून दमला की 'नाही' लिहितोय, आणि उद्या ऑडिट आलं तरी तोच बरोबर असतोय."

काका, मी तोपर्यंत प्रपोजल म्हणजे आपली जाहिरात असंच समजत होते.

मग पंधरा दिवस रोज संध्याकाळी सात ते नऊ. तुम्ही गुलाबी हायलायटर घेऊन बसायचा आणि टेंडरमध्ये जिथं जिथं 'शॅल' आणि 'मस्ट' आहे, म्हणजे करायलाच पाहिजे असं, तिथं रेघ मारायची, मी त्याला नंबर द्यायचा. ९३ झाले. त्याचा तक्ता केला, कलम, अट, आमचं उत्तर, कोणत्या पानावर पुरावा. 'होय, पूर्तता करू' एवढंच लिहिलं की तुम्ही खोडायचा, "कशी करणार ते एक ओळ लिही, नुस्तं व्हय व्हय म्हणायला काय जातंय." आणि पान नंबर सगळ्यात शेवटी, पीडीएफ जोडून झाल्यावर, कारण मधे एक कागद घातला की पुढचे सगळे सरकतात. हे मी दोनदा न ऐकता केलं आणि दोनदा आख्खा तक्ता परत भरला.

सगळ्यात मोठी चूक तुम्ही पकडली ती टेक्निकल प्रपोजलमधली. मेंटेनन्सच्या तक्त्यात आमच्या पोरानं प्रामाणिकपणे वर्षाची रक्कम लिहून ठेवली होती. तुम्ही पान माझ्यासमोर आपटलंत. टेक्निकल लिफाफ्यात किमतीचा एक आकडा दिसला की बोली बाद, आर्थिक लिफाफा उघडतच नाहीत. आणि त्याच्याच खाली बारीक अक्षरात आमचं वाक्य, की सर्व्हरचा खर्च ग्राहकाने करायचा. आम्हाला वाटलं आपण स्पष्ट लिहून ठेवतोय, तर ती झाली अट घातलेली बोली, आणि आम्हीच दुसऱ्या पानावर 'नो डेव्हिएशन'वर, म्हणजे टेंडरच्या अटींत आमचा काही बदल नाही यावर, सही करून बसलेलो. ज्याची शंका आहे ते प्री-बिडला, म्हणजे बोली भरायच्या आधीच्या प्रश्नोत्तरांत, विचारायचं, नंतर गप बसायचं, हा तुमचा नियम.

प्री-बिडचे प्रश्न पण तुम्हीच लिहायला शिकवले. पान, कलम, त्यातलं वाक्य जसंच्या तसं, मग प्रश्न, आणि प्रश्न असा की उत्तर हो किंवा नाही आलं पाहिजे. मी लिहिलेलं की अनुभवाची अट छोट्या कंपन्यांवर अन्याय करणारी आहे. तुम्ही म्हणाला हे भाषण मोर्चात कर. मग विचारलं की निमसरकारी संस्थेचं काम पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र 'सिमिलर वर्क', म्हणजे तसल्याच कामाचा अनुभव, म्हणून चालेल का. उत्तर आलं, चालेल. टर्नओव्हर शिथिल करायला मात्र नाही म्हणाले. यावर आपलं अजून जमलेलं नाही काका. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत स्टार्टअपला अनुभव आणि उलाढालीची अट शिथिल करता येते असं लिहिलंय, पण 'करता येते' म्हणजे मर्जी, आणि मर्जी कोण कशाला दाखवेल. तुम्ही म्हणता उद्या काम बुडालं तर सही करणाऱ्याच्या पेन्शनवर येतंय. ते पण खरंच आहे, पण मग छोट्यानं पहिला अनुभव आणायचा कुठनं?

उद्यमचं, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, तर मला अजून आठवलं की घाम फुटतो. त्यावर बयाणा रकमेतून, म्हणजे बोलीबरोबर भरायच्या अनामतीतून, सूट होती म्हणून आम्ही निवांत. तुम्ही सर्टिफिकेट हातात घेऊन विचारलं, "ह्यात धंदा काय लिहिलायस?" सुरुवातीला आम्ही कॉम्प्युटर विकायचो ना, तर एनआयसी कोड, म्हणजे धंद्याच्या प्रकाराचा सरकारी नंबर, विक्रीचा पडलेला. ही सूट माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला असते, नुसत्या विकणाऱ्याला नाही. त्याच रात्री पोर्टलवर जाऊन कोड ६२ मधलं, म्हणजे कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंगचं काम जोडलं. हे तुम्ही बघितलं नसतं तर बयाण्यापायीच बाहेर.

आणि गंमत म्हणजे टेक्निकलमधलं तुम्हाला ओ की ठो कळत नाही, हे तुम्हीच सांगता. पण "ह्ये सर्ट-इन काय असतंय? आणि पैसे कोण देणार?" हा प्रश्न तुम्हीच विचारला. टेंडरमध्ये लिहिलेलं की सर्ट-इनच्या, म्हणजे केंद्राच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेच्या, पॅनेलवरच्या ऑडिटरकडून सुरक्षा तपासणी करून घ्यायची आणि चुका दुरुस्त करून 'सेफ टू होस्ट' प्रमाणपत्र आणायचं, खर्च ठेकेदाराचा. आम्ही वाचलं होतं, पण रेटमध्ये धरलंच नव्हतं! क्लाऊडचं तसंच, इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटी मंत्रालयाच्या पॅनेलवरचाच पाहिजे, आणि आम्ही आपलं कुठलातरी स्वस्तातला परदेशी सर्व्हर धरून हिशोब केलेला. तुम्ही प्रत्येक 'शॅल'समोर पेन्सिलनं रुपयाचं चिन्ह काढत गेलात तेव्हा कळलं की आमचा रेट किती पोकळ होता.

शेवटचा दिवस. खरं म्हणजे शेवटच्या दिवसाच्या आधीचे दोन दिवस, कारण शेवटच्या दिवशी अपलोड करायचं नाही म्हणून तुम्ही दम दिलेला. बाहेर धो धो पाऊस, राजारामपुरीतली लाईट गेलेली, मी लॅपटॉप आणि डिजिटल सहीचा टोकन पिशवीत घालून तुमच्या दुकानात, इन्व्हर्टरवर. टोकनचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर चालेना, मग चाललं. बीओक्यूच्या, म्हणजे रेट भरायच्या, एक्सेलला आमच्या पोरानं 'फायनल नवीन २' असं नाव दिलेलं, तुम्ही ओरडलात, ज्या नावानं उतरवली त्याच नावानं चढवायची, नाहीतर पोर्टल घेतच नाही. सगळं चढल्यावर मी हुश्श करून लॅपटॉप मिटायला लागले तर तुम्ही हात धरला, "फ्रीज केलंस काय?" फ्रीजचं बटन दाबल्याशिवाय बोली गेलेलीच नसते. दाबलं, पोचपावती आली, दादानं त्याची प्रिंट काढली आणि तुम्ही ती स्वतः फाईलला लावली.

पाच जण होते. तिघं टेक्निकलला पास, त्यात आम्ही. स्टेटस बघितलं तेव्हा ऑफिसात आम्ही एवढे ओरडलो की खालचा गिरणीवाला वर आला. रेट उघडल्यावर एल-टू झालो, म्हणजे कमी रेटमध्ये दुसरे, काम दुसऱ्याला गेलं. मी तोंड पाडून सांगायला आले तर तुम्ही हसलात, म्हणालात ज्यानं एवढ्या कमीत घेतलंय त्यानं रुपयाची चिन्हं काढली न्हाईत. मग मिसळ मागवलीत, कट जादा, आणि पैसे पण मला देऊ दिले नाहीत.

पैशाचा विषय मी तीनदा काढला आणि तिन्ही वेळा तुम्ही म्हणाला दादाचं झेरॉक्सचं बिल दे, बास. ते दिलंय काका, बाकी काही नाही. माझे वडील असते तर त्यांनी तुम्हाला घरी जेवायला बोलावून तांबडा-पांढरा केला असता. आता आई बोलावतेय, या रविवारी, काकूंना घेऊन या. आणि हो, सेटिंग आहे म्हणून मी ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्यांना फोन करून यूडीआयएनचं खरं काय ते सांगितलंय.

काल नवीन टेंडर निघालंय, ११६ पानं. सोमवारी प्रिंटला येते. कॉरिजेंडम बघूनच येते.

तुमची,
गिरणीच्या वरच्या ऑफिसातली पोरगी