काका, तुम्ही ट्यूब बंद केलीत

काका,

पत्र तुम्हालाच आहे, पण मुद्दाम उघडं लिहितेय. पाकिटात घालून दिलं असतं तर "बघू निवांत" म्हणून तुम्ही ते गल्ल्याखाली सारलं असतं, आणि तिथे काय काय सारलेलं आहे ते मी पाहिलंय. तुमचं नाव घालत नाही. जन्मभर दुसऱ्यांची नावं छापलीत, स्वतःचं तेवढं पावतीपुस्तकाच्या तळाला, भिंग लावून वाचावं अशा टायपात. इथे तेवढंही नको म्हणालात. बरं, नाही घालत.

पहिल्यांदा तुमच्या छापखान्याच्या दुकानात आले ती लिनोचा, म्हणजे छाप घ्यायला चित्र कोरलेल्या लिनोलियमचा, तुकडा घेऊन, रडायच्या बेतात. आमच्या कला कॉलेजात एचिंग प्रेस, म्हणजे छापचित्रं काढायचं दाबयंत्र, आहे. म्हणजे माहितीपत्रकात तिचा फोटो आहे. प्रत्यक्षात चाकाला साखळी, साखळीला कुलूप, किल्ली एका सरांकडे आणि सर रजेवर. दाबाखाली घालायची फेल्टची ब्लँकेटं उंदरांनी कुरतडलेली. "परीक्षेच्या आठवड्यात उघडू की," असं उत्तर मिळालं. आता छापचित्रात चाळीस कागद वाया घालवल्याशिवाय एक धड निघत नाही, हे त्यांना कोणी सांगायचं? तिथून निघाले ती एका झगमगीत डिजिटल दुकानात. तो पोरगा म्हणाला, "मॅडम, फोटो काढून द्या ना, फ्लेक्सवर मारतो. हवा तेवढा मोठा."

कोल्हापूरच्या शाहूपुरीत तुमच्या दारात मी केवळ मशिनचा आवाज ऐकून थांबले. तुम्ही पावत्यांवर नंबर मारत होता. कुठली, कुणाची, कशाला, काही विचारलं नाहीत. लिनो हातात घेऊन म्हणालात, "उंची कमी पडती." खिळ्यांच्या, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांच्या, केसमधून एक जुना खिळा काढून शेजारी उभा केलात. खिळा जवळजवळ इंचभर, माझा लिनो त्याच्यापुढे पापड. मग खाली प्लायवूड, त्यावर पुठ्ठा, त्यावर बटर पेपर, असं करत ती उंची गाठलीत.

पहिल्या छापात डावा कोपरा पुसट आला. मी शाईच्या डब्याकडे हात नेला तर तुम्ही ओरडलात, "शाई कमी नाही, दाब कमी हाय!" कागद उलटा केलात आणि पाठीवरून नख फिरवलंत. जिथे नखाला काही लागलं नाही तिथे मागच्या कागदावर अंगठ्याएवढा पतंगाचा कागद फाडून खळीनं चिकटवलात. खळीत मोरचूद घातलेला, म्हणजे झुरळं लागत नाहीत, हेही जाता जाता सांगितलंत. पुढच्या छापात कोपरा भरून आला. चार वर्षांत छापाची पाठ बघायला मला कोणी शिकवलं नव्हतं.

मशिनमध्ये कागद घालायला मात्र तुम्ही मला कधीच दिलं नाहीत. "आधी बोटं मोज, मग ये," म्हणायचात.

रंगाच्या प्रयोगांचं पानिपत तुम्हाला आठवतच असेल. मी तुम्हाला छापचित्रकार कृष्णा रेड्डींबद्दल सांगत होते. शांतिनिकेतनात शिकलेला हा माणूस पॅरिसला हेटर या छापचित्रकाराच्या 'आतलिये १७' या कार्यशाळेत जातो आणि एकाच प्लेटवर, एकाच दाबात अनेक रंग छापण्याची पद्धत घडवणाऱ्यांत असतो. घट्ट शाई आणि जवसाचं तेल घालून सैल केलेली शाई एकमेकींना धरत नाहीत, यावर सगळा खेळ. एक रूळ कडक, एक मऊ. कडक रूळ वरच्या भागावरून जातो, मऊ रूळ खोलात उतरतो. शिल्पकारच तो, प्लेटसुद्धा शिल्पासारखी खोदायचा. तुम्ही ऐकून घेतलंत, माझी शाई अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून कानाजवळ चटचट वाजवलीत आणि म्हणालात, "दोन्ही सारख्याच बोलायल्यात. भांडणार कशा?" भांडल्या नाहीतच. अकरा कागदांवर एकच चिखल. त्या कागदांच्या पाठीवर तुम्ही आठवडाभर हिशेब केलात, हे मी विसरलेले नाही.

पण खरा रंग तुमच्या कटिंग मशिनखालच्या पोत्यात होता. लग्नपत्रिकांच्या कडांची कात्रणं: हळदी, कुंकवाच्या रंगाची, मोरपंखी, आणि सगळ्यात जास्त पांढरी. रद्दीवाल्याला जाणारं ते पोतं तुम्ही माझ्या गाडीवर बांधून दिलंत. "चकचकीत काढून टाक, त्याचा लगदा होत नाही," एवढी एकच सूचना. मी रंगावार निवडून दोन दिवस भिजत घातली आणि आईच्या मिक्सरमध्ये फिरवली. त्या मिक्सरवरून घरात जे झालं ते इथे लिहीत नाही. आजीनं मात्र न विचारता वाटलेली मेथी आणून ओतली. तिच्या लहानपणी कागदाच्या टोपल्या अशाच व्हायच्या म्हणे.

त्याच सुमारास मी शिल्पकार आणि छापचित्रकार सोमनाथ होरांची 'जखमा' ही मालिका बघत होते. पांढऱ्यावर पांढरं. मातीच्या थरावर वार करायचे, त्याचा साचा घ्यायचा, साच्यात कागदाचा लगदा दाबायचा. शाईचा थेंब नाही, आणि तरी बघताना अंगावर येतं. छाप आणि शिल्प यांच्यामध्ये भिंत असते असं आम्हाला शिकवतात. या माणसानं ती नुसती ओलांडली नाही, तिथे घर केलं.

मला खऱ्या भिंतीचाच छाप घ्यायचा होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४३. शाहूपुरीतल्या घरांवर त्या पाण्याची रेघ अजून आहे. रंग कितीही मारा, पावसाळ्यात खालचे पोपडे पुन्हा सुटतातच. कुंभार गल्लीतून शाडू आणला, एका भिंतीवर थापला, उचलला, त्यावर प्लास्टर ओतलं, आणि त्या साच्यात तुमच्या पत्रिकांचा पांढरा लगदा दाबला. रेघेच्या जागी तेवढी हळदी कात्रणं, तीही इतकी फिकट की शोधावी लागावीत.

कॉलेजात तपासणीला ते घेऊन गेले. वरून चार ट्यूबलाइट. एका सरांनी लांबूनच बघून विचारलं, "कोरा कागद आणलास?" वर्ग हसला. दुसरे म्हणाले, हे छापचित्रात बसत नाही, शिल्पवाल्यांना दाखव. शिल्पवाले म्हणाले, कागद आहे, आमच्याकडे कशाला? जवळ येऊन कोणी बघितलं नाही. चार पावलांचं अंतर होतं, काका.

आईच्या जुन्या साडीत गुंडाळून ते परत आणत होते. तुमच्याकडे आले ती खरं तर पोतं परत द्यायला. तुम्ही विचारलंत, "साडीत काय?" मी म्हटलं, काही नाही, कोरा कागद आहे.

तुम्ही साडी सोडलीत. तो तुकडा हातावर घेतलात, काही बोलला नाहीत, आणि उठून ट्यूब बंद केलीत.

एवढंच. दुकानात अंधार, दारातून तिरपं ऊन. तुम्ही तुकडा दाराकडे तिरका धरलात आणि सगळी भिंत वर आली. प्रत्येक पोपडा, प्रत्येक तडा, आणि मधून जाणारी ती रेघ. माझं काम तोपर्यंत मीही असं बघितलेलं नव्हतं. मी अवाक झालेली बघून तुम्ही जरा वैतागूनच म्हणालात, "अगं, पत्रिकेवरचा बिनशाईचा गणपती गिऱ्हाइकाला असाच दाखवायचा असतो. वरनं उजेड मारलास तर काय दिसणार?" मग नखानं रेघ चाचपत गेलात. "ही आमच्या दुकानातली रेघ."

मी सांगितलं, नाही काका, पलीकडच्या गल्लीतली आहे.

"पाणी एकच होतं की," म्हणालात, आणि ट्यूब लावून पुन्हा नंबर मारायला बसलात. त्या पुरात तुमच्या खिळ्यांच्या किती केसेस गेल्या, कागदाची किती रिमं फुगली, हे मला नंतर शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून कळलं.

चांगली माणसं गोड बोलतात असा माझा समज होता. तुम्ही सहा महिन्यांत मला जितकं झापलंत तितकं सगळ्या कॉलेजनं मिळून झापलं नसेल. ते तर फार सभ्य बोलायचे, अगदी नाकारतानासुद्धा. फक्त बटणापर्यंत उठून जायचे कष्ट त्यांच्यातल्या एकानंही घेतले नाहीत.

शाहू स्मारक भवनातल्या आमच्या प्रदर्शनात मी हट्टानं वरचे दिवे बंद ठेवायला लावले आणि बाजूनं एकच दिवा लावला. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आलात आणि 'हात लावू नये' या पाटीखाली उभं राहून सरळ नख फिरवलंत. राखणदार धावत आला. त्याच्या आधी पोचून मी पाटी काढली, ती अजून माझ्याकडेच आहे.

तुमची ट्यूब हल्ली लुकलुकते. स्टार्टर घेतलाय, शनिवारी आणते. आणि पांढरी कात्रणं रद्दीवाल्याला देऊ नका, दोन पोती लागणार आहेत.

तुमची,
बोटं अजून दहाच्या दहा असलेली