गोऱ्यांना नक्की काय आवडतं? मीनलला पत्र

प्रिय मीनल,

तू विचारलंस, तिकडच्यांना आपलं पारंपरिक भरतनाट्यम आवडतं की ते ब्रिटिश नर्तक अक्रम खान टाईप मॉडर्न? व्हॉट्सअ‍ॅपवर मावेना म्हणून हे पत्र, चहा घेऊनच बस.

मला तर इथे लंडनमध्ये जुनं-नवं हा वादच खोटा वाटतो. शब्दांवाचून जे पोचतं ते चालतं, बस्स. कथकवाल्याने तत्कार, म्हणजे पायांचं काम, आणि चक्कर सुरू केले की हॉल खूश, आणि ठुमरीवर भाव दाखवायला बसला की शेजारचे काका ब्रोशर चाळायला लागतात. अक्रम खान प्रताप पवारांकडे रीतसर कथक शिकलाय, पण त्याच्या २००२ च्या ‘काश’ या नृत्यात गोष्ट अशी नाहीच, वेग आणि आकार, वर नितीन सोहनीचं म्युझिक, शिल्पकार अनीश कपूरचा सेट, मग काय! अर्थात हे सगळं गोऱ्यांसाठीच होतं असंही नाही हं, कथकच्या कुमुदिनी लाखियांनी अहमदाबादेत १९७३ मध्येच ‘धबकार’ हे तसंच गोष्ट नसलेलं कथक केलं होतं.

पण अभिनय, म्हणजे चेहऱ्याने-हातांनी भाव दाखवणं, त्यांना कळतच नाही म्हणावं तर भरतनाट्यमच्या बालसरस्वती आडव्या येतात. १९६२ ला अमेरिकेत जेकब्स पिलो डान्स फेस्टिव्हल, १९६३ ला एडिनबरा फेस्टिव्हल, आणि बाईंनी काही म्हणजे काही बदललं नाही, देवदासी घराण्यातला शृंगार जसाच्या तसा, मध्येच स्वतः गायच्या, आणि लोक वेडे झाले. मद्रासला तेव्हा रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचं, शृंगार बाजूला ठेवलेलं सोज्वळ भरतनाट्यम मान्य होतं, आणि रुक्मिणीदेवी आधी बॅले शिकल्या होत्या, तेही प्रसिद्ध रशियन बॅलेरिना पावलोव्हाच्या ग्रुपमधल्या नर्तिकेकडे! म्हणजे गोरे ज्याला अस्सल प्राचीन म्हणतात त्यावर १९३० च्या दशकात हात फिरलाय. त्याच्या आधीचं म्हणशील तर अलारिप्पू ते तिल्लाना हा भरतनाट्यमच्या कार्यक्रमाचा पहिल्यापासून शेवटपर्यंतचा क्रम तंजावरच्या चार भावांनी बसवला, आपल्या तंजावरच्या मराठा सरफोजीराजांच्या काळात, जेमतेम दोनशे वर्षं झाली. आणि इथल्या ब्रोशरवर मात्र दर वेळी ‘दोन हजार वर्षांची कला’, वाचून डोकंच फिरतं.

तू ग्रुप घेऊन येशील तेव्हा ऑर्गनायझर म्हणणारच, पदम (संथ, भावाची गाणी) कमी करा, फास्ट आयटम घाला. ऐकू नकोस, पदमचा अर्थ आधी दोन वाक्यात बोल आणि बिनधास्त कर. सरफोजींच्या दरबारात मराठी निरूपणांवर, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या पदांवर, नाच व्हायचा, त्यातलं एखादं बसव ना, साहित्य तंजावरच्या सरस्वती महाल लायब्ररीत आहे. इथले मराठी मंडळवालेही चाट पडतील, त्यांना लावणीपलीकडे काही माहीत नसतं.

तारखा कळव आणि व्हिसाचं आत्ताच बघ.

तुझीच,
अपू