गोळी झाडल्यानंतर मढे कोणाचे?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

सोयाबीनच्या शेंगा भरू लागल्या आणि पुढे हरभरा घाट्यात आला, की रानडुकरांच्या आणि रोह्यांच्या (नीलगायींच्या) बातम्यांनी आपले जिल्हा पान भरून जाते. नुकसान किती एकरांचे, पंचनामा झाला का, भरपाई कधी मिळणार, पारधीची परवानगी कोण देणार, याची चर्चा होते आणि ती व्हायलाच हवी. ज्याने थंडीत आखाड्यावर, म्हणजे रानातल्या झोपडीवर, जागल केली आहे, त्याला डुकरांचा कळप एका रात्रीत भुईमुगाचे काय करतो हे सांगावे लागत नाही. पण गोळी लागून डुक्कर आडवे झाल्यावर पुढे त्याचे काय होते, हे मात्र कुठे वाचायला मिळत नाही. हे पत्र त्याबद्दल आहे. वाचताना थोडी किळस येईल, इलाज नाही.

पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुकरांच्या आणि रोह्यांच्या पारधीसाठी शासनाने 2015 मध्ये वाट करून दिली. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यातील कलम 11 प्रमाणे उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीने जनावर मारता येते. त्याच कायद्याचे कलम 39 मात्र फारसे कोणी वाचत नाही. अशा रीतीने मारलेले जनावर ही शासनाची मालमत्ता असते. त्याचे मांस वाटता येत नाही, विकता येत नाही, सुळे आठवण म्हणून घरी ठेवता येत नाहीत. म्हणजे धुऱ्यावर (बांधावर) पडलेले डुक्कर शासनाचे, आणि त्याचा वास शेतकऱ्याचा.

शासनाची ही मालमत्ता प्रत्यक्षात कुठे जाते? आमच्या भागात तीन ठिकाणी. ओढ्याच्या काठाला बाभळीखाली, गायरानाच्या कोपऱ्यात, नाहीतर एखाद्या पडीक विहिरीत. या तिन्हींत विहीर सगळ्यात वाईट, आणि लोकांना तीच सगळ्यात सोयीची वाटते, कारण डोळ्याआड होते. आपल्याकडे काळ्या मातीखाली मुरूम आहे आणि मुरमाखाली भेगाळलेला काळा पाषाण. चालू विहिरींना पाणी येते ते या मुरमातून आणि भेगांतूनच. पडीक विहिरीत टाकलेले मढे शेजारच्याच्या पाण्यात टाकल्यासारखे आहे. उन्हाळ्यात याच विहिरीवर टँकर भरायची वेळ येते, तेव्हा कोणाला आठवत नाही की गेल्या भादव्यात आत काय टाकले होते.

उघड्यावर टाकले तर कुत्री येतात. एका डुकरावर आठ-दहा कुत्र्यांचे टोळके पोसले जाते, आणि मढे संपल्यावर ते टोळके कुठे जाते ते मेंढपाळांना विचारा. कोकरे, वासरे, आखाड्यावरच्या शेळ्या, सगळे त्याच्या वाटेत. हल्ली मराठवाड्यात बिबट्या दिसल्याच्या बातम्याही नवलाच्या राहिल्या नाहीत. वस्तीपासून हाकेच्या अंतरावर कुजते मांस ठेवून आपण त्यालाही बोलावणे धाडतो. काही दीडशहाणे यावर उपाय म्हणून मढ्यावर थिमेट हे विषारी कीटकनाशक टाकतात. ज्या फोरेटला लोक थिमेट म्हणतात त्यावर देशात 2020 अखेरपासून बंदी आहे, तरी जुना साठा कुणाकुणाच्या आखाड्यावर निघतोच. त्याने कुत्र्यांबरोबर घारी मरतात, कावळे मरतात, कोल्हे मरतात. ज्या कोल्ह्याने उंदीर आटोक्यात ठेवायचे तोच गेला, तर पुढच्या हंगामात हरभऱ्यात उंदरांची बिळे मोजत बसा.

रोगराईचा मुद्दा वेगळाच. गोळीने मेलेले जनावर निरोगीच होते असे कोणी सांगावे? सुस्त झालेले, मागे राहिलेले डुक्करच आधी टप्प्यात येते. आफ्रिकन स्वाइन फीव्हर 2020 मध्ये आपल्या देशात पहिल्यांदा आसाम आणि अरुणाचल प्रदेशात आढळला. माणसाला तो होत नाही, पण पाळीव डुकरे पटापट मरतात, आणि त्याचा विषाणू मेलेल्या डुकराच्या रक्तामांसात दीर्घकाळ टिकतो. रानडुकरे मेलेल्या डुकराला हुंगतात, कुरतडतात, आणि साखळी पुढे जाते. चेक प्रजासत्ताकात 2017 मध्ये हा रोग रानडुकरांत आला तेव्हा तिथल्या यंत्रणेने रानात पडलेली मढी शोधून उचलण्यावर भर दिला, आणि 2019 पर्यंत देश त्यातून मोकळा झाला. गाईम्हशींचेही तेच. खाण्यात फॉस्फरस कमी पडलेली जनावरे माळावर पडलेली हाडे चघळतात, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. त्या हाडांतून बोट्युलिझमची बाधा झाली तर जनावर पाय गळून बसते आणि बहुधा उठत नाही. फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, त्याहून भयंकर. त्याचे बीजाणू मातीत कित्येक वर्षे जिवंत राहतात. म्हणून गोळी न लागता मेलेले, नाकातोंडातून न गोठणारे रक्त आलेले जनावर दिसले तर त्याला हात लावू नये, फाडू तर नयेच. आधी पशुवैद्यकाला बोलवावे.

आणखी एक बारीक गोष्ट. ठासणीच्या बंदुकीत काय किंवा काडतुसात काय, शिसेच असते. ते हाडावर आपटून फुटते आणि जखमेच्या आजूबाजूला कण पसरतात. ते मांस खाणाऱ्या पक्ष्याला शिसे बाधते. कॅलिफोर्नियात कॉन्डर गिधाडांपायी 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे. आपल्याकडे गिधाडे उरलीत किती, हे सांगायला नको.

मग पुरायचे. हे म्हणायला सोपे. खड्डा असा हवा की मढे ठेवल्यावर त्यावर निदान तीन-चार फूट माती बसेल. उथळ खड्डा कुत्री एका रात्रीत उकरतात. पोट फुगून माती वर उचलली जाते, म्हणून वर उंचवटा ठेवायचा आणि दगड रचायचे. चुन्याने दुर्गंधी आणि माशा कमी होतात, पण उथळ खड्ड्याची भरपाई चुना करत नाही. जागा ओढ्याच्या पुराच्या रेषेबाहेर, विहिरीपासून आणि बोअरपासून लांब, उताराच्या वरच्या अंगाला नको. खड्ड्याचा तळ कोरडा हवा. इथेच मराठवाड्याची खरी अडचण आहे. मे महिन्यात ठणठणीत कोरडा असलेला खड्डा ऑगस्टमध्ये खालून पाझरू लागतो. आणि सोयाबीनमधली डुकरे मारायची वेळ नेमकी ऑगस्ट-सप्टेंबरची. काळ्या रानात तेव्हा बैलगाडी चालत नाही, जेसीबी तर फसूनच बसेल. डुक्कर एकवेळ चौघांनी ओढून नेता येते. पूर्ण वाढलेला नर रोही 200 किलोंच्या पुढे भरतो, तो चिखलातून काढायचा कसा? त्यामुळे खड्ड्याची जागा मृगाआधी ठरायला हवी, आणि ती सडकेला लागून हवी. गोळी झाडल्यावर टॉर्च घेऊन जागा शोधत फिरणे हा प्रकार बंद व्हावा.

आता ओढणार कोण, हा प्रश्न. त्याला सगळे टाळतात म्हणून मी स्पष्ट लिहितो. गोळी झाडणारा वेगळा, शेतमालक वेगळा, आणि ओढायला निरोप जातो तो गावातल्या ठरलेल्या वस्तीतच. ‘पाचशे देतो, या रे दोघे.’ बाबासाहेबांनी 1927 मध्ये महाडला मेलेल्या जनावरांचे मांस खाणे सोडा म्हणून सांगितले. पुढे गावोगाव लोकांनी मेलेली ढोरे ओढायचे काम नाकारले, त्यापायी मारहाण आणि बहिष्कार सोसले. शंभर वर्षे होत आली तरी तेच काम डुकराच्या निमित्ताने मागच्या दाराने परत येत असेल, तर पारधीची परवानगी देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी दोघांनीही विचार करावा. ज्याच्या रानात पडले त्याने हातमोजे घालून ओढावे. मोठे असेल तर यंत्राने उचलावे आणि डिझेलचे पैसे शासनाने द्यावेत. मालमत्ता शासनाची आहे ना?

मांस वाया का घालवता, खाऊ द्या लोकांना, असेही काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. रानडुकराच्या मांसात ट्रिचिनेला या परजीवी कृमीच्या अळ्या असू शकतात, अर्धकच्च्या मटणातून त्या माणसाच्या स्नायूंत शिरतात, आणि आपल्याकडे रानात मारलेल्या डुकराची तपासणी कोण करणार आहे? शिवाय ताटात वाटा पडू लागला की पीक वाचवण्याची पारध दर रविवारची शिकार व्हायला वेळ लागत नाही. मग डुकराबरोबर काळवीटही ‘चुकून’ पडेल.

माझे मागणे मोठे नाही. परवानगीच्या कागदावर गोळी कोण झाडणार हे जसे लिहिले जाते तसेच खड्डा कुठे, ओढणार कोण, खर्च कोणाचा आणि पंचनाम्याला किती तासांत माणूस येणार हे लिहावे. या चार ओळी कोऱ्या असतील तर परवानगी देऊ नये. प्रत्येक ग्रामपंचायतीने उन्हाळ्यात एक-दोन जागा ठरवून सात-बारा पाहून नकाशावर दाखवाव्यात. परभणी आणि उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांनी लहान डुकरांसाठी पाचट, सोयाबीनचे भुसकट आणि शेण यांच्या बंदिस्त ढिगात मढे कुजवण्याची पद्धत आपल्या हवामानात करून पाहावी. परदेशात पशुपालक ती वापरतात, आणि पाण्याला लागलेल्या जमिनीत खड्ड्यापेक्षा ती बरी ठरू शकेल. तोवर रानात मढे दिसले तर वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर कळवावे, आणि कळवल्याची वेळ लिहून ठेवावी.

हा विषय मी आमच्या ग्रामसभेला लेखी दिला आहे. पहिला आक्षेप अपेक्षेप्रमाणे आला: गायरानात खड्डा नको, तिथे आमची जनावरे चरतात. आक्षेप बरोबर आहे. आता दोन जागा पाहून ठेवल्या आहेत, एक माळावर आणि एक जुन्या खाणीजवळ. खाणीत पावसाळ्यात पाणी साचते, म्हणून ती बहुतेक बाद होईल. माळावरच्या जागेला तलाठ्याने होकार दिला की कळवीन.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. औंढा नागनाथ, जि. हिंगोली