धास्ती दोन, मोजपट्टी एक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चिनी विद्यापीठांतले विद्यार्थी बोलायला बिचकतात म्हटले, की आपल्याला इंग्रजीच आठवते. पण त्यांतल्या अनेकांना मँडरिनचीही धास्ती असते आणि घरच्या बोलीचीही. दोन्हींची कारणे निराळी आहेत.

मँडरिनची धास्ती बरीचशी परीक्षेची. फूथोंगह्वा (म्हणजे प्रमाण मँडरिन) प्रावीण्य चाचणी 1994 पासून घेतली जाते. शाळेत शिकवायचे तर किमान 80 गुण लागतात, चिनी भाषा शिकवायची तर 87. सुरुवातीला 100 सुटी अक्षरे साडेतीन मिनिटांत वाचायची, मग जोडशब्द, मग 400 अक्षरांचा उतारा आणि शेवटी दिलेल्या विषयावर 3 मिनिटे बोलायचे. विद्यार्थी घाबरतात सुट्या अक्षरांना. वास्तविक तिथे एका चुकीला 0.1 गुण जातो. खरी गळती शेवटच्या 3 मिनिटांत. बऱ्याच ठिकाणी त्यांना 40 गुण असतात, आणि पाठ केलेले बोलले किंवा वेळेआधी थांबले तरी गुण कापले जातात.

चुकाही ठरलेल्या असतात. सिच्वान-हूनान प्रांतांकडे 'न' आणि 'ल' एक होतात, फूच्येनमध्ये 'फ'चा 'ह' होतो, दक्षिणेत बहुतेक ठिकाणी 'श'चा 'स'. चार म्हणजे 'स', दहा म्हणजे 'श'. त्यामुळे 14 होतो 'शस' आणि 40 'सश'. दोन्ही 'सस' झाले, की फरक सांगायला फक्त सूर उरतो: 14 मध्ये तो आधी चढतो, मग उतरतो, 40 मध्ये उलट. सगळी भाषाच कच्ची आहे असे मानून रडण्यापेक्षा आपल्या गावच्या दोन-तीन जोड्या शोधाव्यात. पाठांतरही अक्षरांचे गट करून होते. 'मध्य' या अर्थाचे 'झोंग' हे चिन्ह ज्यांच्या पोटात आहे ती अक्षरे (घंटा, बियाणे, निष्ठा) जीभ वळवूनच उच्चारायची.

बोलीचे दुखणे या सरावाने बरे होत नाही. शाळेचे माध्यम फूथोंगह्वा असावे हा कायदा 1 जानेवारी 2001 पासून लागू आहे; आजचे विद्यार्थी त्यानंतरचे. त्यांना बोलीत जेवणखाण येते, शिष्यवृत्ती किंवा प्रबंध येत नाही. मग मँडरिनचे वाक्य शब्दाला शब्द फिरवले जाते आणि घोटाळा होतो. मँडरिनमध्ये ज्या अक्षराचा अर्थ 'चालणे', तेच कँटनीज या दक्षिणेकडच्या बोलीत 'पळणे, निघून जाणे'. मिन्नान या फूच्येनकडच्या बोलीत तर आकड्यांचे दोन उच्चार: फोन नंबर सांगताना वाचनातले, वस्तू मोजताना बोलण्यातले. चुकले की हसतात आजी-आजोबा, काका-मामा. हसण्यात वाईट हेतू नसतो, पण पोरगे मँडरिनवर येते आणि तिथेच राहते.

अशी भीती मोजायला अनेकदा 1986 ची 33 विधानांची परकीय भाषावर्गाची प्रश्नावली वापरतात. शिक्षक, वर्ग, चूक दुरुस्त होणे यांभोवती ती फिरते. मँडरिनला ती थोडीफार लागू पडेल; बोलीला वर्गच नाही. तिथे विचारायला हवे ते असे: कोणाशी बोलताना अडता, कोणत्या विषयावर भाषा बदलता, आणि समोरचा हसला की पुढचे वाक्य कोणत्या भाषेत येते? घरच्यांनाही एक सोपा उपाय सांगता येईल. मूल बोलीत चुकले तर तेच वाक्य बरोबर करून सहज बोलावे आणि गप्पा बोलीतच चालू ठेवाव्यात.

आपले,
चिनी भाषेचे काही शिक्षक