बाबा, रविवारी फोन तुम्ही उचला

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

मायना बाबांनी शिकवला तसाच लिहिलाय. निदान त्यासाठी तरी चष्मा लावून पुढचं वाचा. मी बँकेची नोकरी सोडून इथे इतिहास-राजकारण शिकायला आले म्हणून बाबा रुसलेत. गेले तीन आठवडे फोन आईच उचलते आणि मागे बातम्यांचा आवाज बारीक होतो. म्हणजे बाबा तिथेच बसून ऐकत असतात. मी "बाबांना दे" म्हटलं की ते अंघोळीला गेलेले असतात. रात्री नऊला, आई?

परवा वर्गात कनोसाचं प्रकरण झालं. जानेवारी १०७७. बिशप कुणी नेमायचे यावरून जर्मनीचा राजा चौथा हेन्री आणि पोप सातवा ग्रेगरी यांचं वाजलं. पोपने राजाला बहिष्कृत केलं आणि सरदार उलटले. तेव्हा हा राजा भर हिवाळ्यात बायको आणि लहानग्या मुलाला घेऊन आल्प्स ओलांडून आला आणि पोप उतरला होता त्या इटलीतल्या कनोसाच्या किल्ल्याबाहेर तीन दिवस क्षमा मागत उभा राहिला. अनवाणी, अंगात लोकरीचं जाडंभरडं वस्त्र. सर सांगत होते आणि मला आपल्या हॉलचं दार दिसत होतं. तीन दिवसांनी पोप विरघळला, बाबा. माझे एकवीस झाले.

(पुढे याच हेन्रीने याच पोपविरुद्ध रोमवर चाल केली आणि ग्रेगरी १०८५ साली परागंदा असतानाच वारला. तुम्हाला ते आठवेलच, म्हणून आधीच कबूल करून टाकते.)

तर मुद्द्याचं. मी हे सोडून परत येणार नाहीये. बँकेने राजीनामा मंजूर केलाय, पहिल्या वर्षाची फी भरून झालीय, माझ्या साठवलेल्या पैशांतून. तुमच्या एफडीला हात लावायची वेळ येणार नाही. तुम्हाला न विचारता, नुसतं सांगून केलं, हे मला टोचतंय. पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला नसता, गप्प बसला असता. तुमच्या गप्प बसण्यापुढे माझं काय होतं ते अकरावीच्या फॉर्मच्या वेळी आपण तिघांनी पाहिलंय. ट्रंकेतल्या निळ्या वह्यांबद्दल मी काही बोलत नाही. आईने चुगली केलेली नाही, मला त्या फार आधी सापडल्या होत्या.

इतिहास-राजकारण शिकायला ख्रिस्ती विद्यापीठच सापडलं का, हा प्रश्न आत्याचा असावा, पण आईच्या आवाजात आला. बाहेरून बघितलं तर युरोपच्या राजकारणात चर्च पावलोपावली आडवं येतं. १५७२ ची पॅरिसमधली प्रोटेस्टंटांची कत्तल घ्या, नाहीतर त्यांना आपला धर्म पाळू देणारा १५९८ चा नांतचा हुकूमनामा, जो १६८५ मध्ये रद्दच केला. इथे हे सगळं घरातलं भांडण सांगावं तसं शिकवतात. कोण चुकलं ते सांगताना आवाज खाली येतो, पण सांगतात. शिवाय वर्ग लहान आहे आणि माझ्या वयाला कुणी नाक मुरडलं नाही. ही कारणं मी तुम्हाला जरा जास्तच सांगतेय, कळतंय मला.

आई, आता तुझ्यासाठी. खोली एकटीची आहे, खिडकी मोठी, गरम पाणी चोवीस तास. मेसचं जेवण तुझ्यासारखं नाही पण पोट भरतं, आणि मी सकाळचं खाणं चुकवत नाही. आवारात दारू चालत नाही, तसं प्रवेशाच्या वेळी लिहून घेतलंय. ते वाचताना तुझी इतकी आठवण आली की सही करताना हसू आलं. आठवड्यातून दोनदा चॅपल, म्हणजे प्रार्थना असते, हजेरी लागते. मी शेवटून दुसऱ्या बाकावर बसते. सगळे डोळे मिटतात तेव्हा मी खिडकीच्या रंगीत काचा मोजते. बाप्तिस्म्याचं मला कुणी विचारलेलं नाही.

"पंडिता रमाबाईही शिकायलाच गेल्या होत्या," असं तू म्हणालीस. गेल्या होत्या. १८८३ साली इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतला. पण पुढचंही बघ ना. तिथल्या धर्मगुरूंनी आणि सिस्टरांनी सांगितलेलं सगळं त्यांनी मुकाट्याने मानलं नाही, पत्रांतून भांडल्या. मला त्यांच्यातलं काही घ्यायचं असेल तर ते भांडणं घेईन. तेही तुझ्याकडून आधीच आलंय.

बाबा, एक तास तुम्ही मागच्या बाकावर बसून ऐकावा असा झाला. सरांनी सुरुवात प्रार्थनेने केली आणि आमेन म्हणून लगेच १८४५ साल फळ्यावर लिहिलं. गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी नेमायचं की नाही, यावरून अमेरिकेतले बाप्टिस्ट पंथाचे ख्रिस्ती फुटले, आणि दक्षिणेकडच्यांनी आपली वेगळी संघटना काढली. तिने त्याबद्दल माफी मागितली १९९५ मध्ये. मग सरांनी प्रत्येकाला एकेक कागद दिला. बायबलातलं, धर्मप्रचारक पौलाचं फिलेमोन नावाच्या मालकाला पत्र. जेमतेम पानभर, पंचवीस ओव्या. त्याच्या अनेसिम नावाच्या गुलामाला पौल परत पाठवतोय, त्यासोबतची ही चिठ्ठी. गुलामीचे समर्थक म्हणत, बघा, परत पाठवला. विरोधक सोळाव्या ओवीवर बोट ठेवत: आता गुलाम म्हणून नव्हे, प्रिय भाऊ म्हणून घे. कागद तोच. मी समासात पेन्सिलीने लिहिलं: सांगणारा कोण, कुणाला सांगतोय, का सांगतोय. सर मागून आले, वाचलं आणि विचारलं, हे कुठे शिकलीस? मी म्हटलं, घरी. दाढी करणाऱ्या माणसाला अग्रलेख वाचून दाखवताना.

तुम्ही आरशातूनच विचारायचात ना ते तिन्ही प्रश्न, गालाला फेस असायचा. उत्तर बरोबर आलं की ब्रशने माझ्या नाकावर ठिपका. मी दुसरीत होते, अग्रलेखातलं मला ओ की ठो कळायचं नाही. मी ठिपक्यासाठी वाचायचे.

बरं, आता ऐका. बाबांची जेवणाआधीची आणि नंतरची, दोन्ही शुगर या महिन्यात तपासून घ्यायची. "मला काही होत नाही" हा रिपोर्ट चालणार नाही. डोळ्यांचे थेंब फ्रीजच्या दारात ठेवा, औषधांच्या डब्यात ते विसरले जातात. आई, माळ्यावरचं काढायला स्टुलावर चढायचं नाही. शेजारच्या मुलाला मी सांगून ठेवलंय, तो येईल. गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणलेला नाही. रात्री बाथरूमचा दिवा चालूच ठेवा, बिल मी भरते. आणि दादाला फोन करून माझ्याबद्दल रडू नका, तो मला ओरडतो आणि मग वहिनी त्याला.

हुकूम सोडतेय असं वाटलं तर माफ करा. इतक्या लांबून दुसरं काही करता येत नाही.

परीक्षा संपली की पंधरा दिवस येतेय, तिकीट काढलंय. तो कागदही आणेन. बाबा, माझा निबंध अजून अर्धा आहे. अनेसिम परत गेल्यावर त्याचं काय झालं ते पत्रात कुठेच नाही, आणि माझी गाडी तिथेच अडलीय. रविवारी आठ वाजता फोन करते. तेव्हा अंघोळ उरकून ठेवा.

तुमची,
ठमी