‘अफवांवर विश्वास ठेवू नये’, मग कशावर ठेवावा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला ‘संकटात मौन हाच मुत्सद्दीपणा’ हा लेख वाचला आणि रात्री धड झोप लागली नाही. लेखक अभ्यासू आहेत, लिहितातही छान, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण सरकार अडचणीत आलं की नेत्याने गप्प बसावं, धुरळा खाली बसू द्यावा, हा सल्ला वाचून राहवेना. माझी एकतीस वर्षं माहिती खात्यात गेली. धुरळा बसेपर्यंत लोकांचे काय हाल होतात, ते मी फोनच्या या टोकाला बसून ऐकलंय.

आधी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचं. सोव्हिएत संघाने क्यूबात क्षेपणास्त्रं आणल्यावर जो पेचप्रसंग उभा राहिला, त्यात ते ‘तेरा दिवस मौन बाळगून होते’ असं तुम्ही छापलंय. तेरा दिवस हा अख्ख्या पेचाचा काळ. क्षेपणास्त्रतळांचे फोटो त्यांच्यापुढे आले 16 ऑक्टोबर 1962 च्या सकाळी, आणि 22 तारखेच्या संध्याकाळी ते टीव्हीवरून देशाशी बोलत होते. मधले सहा दिवस बंद दाराआड खलबतं चालली, हे खरं. शिकागोचा दौरा अर्ध्यावर सोडताना सर्दीचं खोटं कारण दिलं गेलं, तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रं काढून घेण्याची तडजोड तर कित्येक वर्षं दडवून ठेवली. त्याची बाजू मी घेणार नाही. पण बोलले तेव्हा काय सापडलंय आणि आपण काय करणार आहोत, हे त्यांनी सांगितलं, आणि तीन दिवसांनी ते फोटो सुरक्षा परिषदेत जगापुढे मांडले गेले. याला मौन कसं म्हणायचं? याच केनेडींनी 1961 मध्ये क्यूबावरच्या हल्ल्याची ‘बे ऑफ पिग्ज’ मोहीम फसल्यावर जबाबदारी स्वतःच्या अंगावर घेतली होती. त्यानंतरच्या गॅलप जनमत चाचणीत त्यांच्या बाजूने 83 टक्के लोक होते. लेखात याबद्दल एक ओळ नाही.

आता माझ्यासमोर घडलेलं सांगतो. साल आणि ठिकाण लिहीत नाही, त्यातली काही माणसं हयात आहेत. सरकार डळमळलं होतं, राजीनाम्यांवर राजीनामे येत होते, रस्ते बंद झाले होते. दुपारी चारला मी प्रेसनोटचा मसुदा केला. कुठले रस्ते बंद, कुठले किती वाजता उघडणार, दवाखान्यात जायचं असेल त्यांनी कुठे फोन करायचा, आणि पुढची माहिती रात्री आठला मिळेल, एवढंच त्यात होतं. मसुदा वर गेला. पहिल्यांदा परत आला तेव्हा वेळांवर लाल शाईची रेघ होती. उद्या बदल झाला तर आपण तोंडघशी पडू, असं कारण. दुसऱ्या फेरीत रस्त्यांची नावं गेली, तिसऱ्या फेरीत फोन नंबर. रात्री पावणेबाराला सही होऊन खाली आल्या त्या दोन ओळी: ‘परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात आहे. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये.’

बारानंतर एका गृहस्थांचा फोन आला. पत्नीचं डायलिसिस सकाळी सातला होतं. ‘साहेब, पुलावरून सोडतील का, तेवढं सांगा.’ मी त्या दोन ओळी वाचून दाखवल्या. पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाले, ‘अहो, मी अफवेचं कुठे विचारतोय? मी पुलाचं विचारतोय.’

पूल पहाटे पाचला रुग्णवाहिका आणि रुग्णांच्या गाड्यांसाठी उघडणार होता. ते माझ्याच मसुद्यात होतं, कागद माझ्यासमोर पडला होता, लाल रेघेखालचं अक्षर स्पष्ट वाचता येत होतं. मी सांगितलं नाही. सांगायची परवानगी नव्हती. त्यांनी फोन ठेवला. त्या बाईंचं पुढे काय झालं, मला कधीच कळलं नाही. आजही कोणी प्रवक्ता कॅमेऱ्यासमोर ‘परिस्थिती नियंत्रणात’ म्हणाला की मला तो पूल आठवतो.

सगळं ठाऊक होईपर्यंत थांबा, असं आमचे वरिष्ठ म्हणत. सगळं कधीच ठाऊक नसतं. ‘आत्ता एवढं माहीत आहे, एवढं माहीत नाही, पुढचं अमुक वाजता सांगतो’ असं म्हणता येतं. आणि नवीन काही नसलं तरी त्या वेळेला पुन्हा समोर यायचं. लोक तेवढ्यावर धीर धरतात. उलट, ठाऊक नसताना ठामपणे सांगितलं तर काय होतं ते स्पेनच्या राजधानीत, माद्रिदमध्ये दिसलं. 11 मार्च 2004 ला लोकल गाड्यांत स्फोट झाले, 190 हून अधिक माणसं गेली. तपासाचा रोख बदलत होता तरी सरकार ‘एटा’ या बास्क फुटीरतावादी सशस्त्र संघटनेचंच नाव घेत राहिलं. पंतप्रधान अस्नार यांनी स्वतः संपादकांना फोन केले, आणि एका मोठ्या दैनिकाने विशेष आवृत्तीत तोच मथळा दिला. तीन दिवसांनी मतदान झालं आणि सत्ता गेली. तुमच्या व्यवसायातल्या लोकांनी हे विसरू नये.

यावरून आणखी एक. गेल्या महिन्यात तुमच्या पहिल्या पानावर एका मंत्र्यांच्या राजीनाम्याची बातमी ‘विश्वसनीय सूत्रां’च्या हवाल्याने आली. राजीनामा झालाच नव्हता. चौथ्या दिवशी आतल्या पानावर तळाला, छोट्या जाहिरातींना लागून, दोन ओळींचा खुलासा दिलात, आणि मूळ बातमी काय होती तेही त्यात लिहिलं नाहीत. ज्यांनी बातमी वाचली त्यांतल्या किती जणांना तो खुलासा दिसला असेल? आमच्या प्रेसनोटवर तुम्ही टीका करत होतात ती योग्यच होती. तोच नियम स्वतःला लावा, ही कळकळीची विनंती.

सुरुवात तेरा दिवसांपासून करता येईल. कालचा लेख ज्या पानावर होता त्याच पानावर, तितक्याच ठळक टाइपात, काय चुकलं होतं आणि बरोबर काय आहे ते छापावं. पत्रात काटछाट करावी लागली तर केनेडींचा भाग कापा, पुलाचा ठेवा.

आपला,
एक निवृत्त माहिती कर्मचारी