चॅपेलच्या भिंतीला सिमेंट नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीमाभागातल्या जुन्या वास्तूंवरचा गेल्या रविवारचा लेख वाचला. त्यात आमच्या खानापूर तालुक्यातल्या मेथॉडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या एका लहानशा चॅपेलला (प्रार्थनाघराला) ‘इंग्रजांनी पलटणीसाठी बांधलेले चर्च’ म्हटले आहे. तसे नाही. पलटणीचे चर्च म्हणजे बेळगाव कॅम्पातले सेंट मेरीज, १८६९ सालचे, टोकदार कमानींचे. मेथॉडिस्टांचे मूळ वेगळे. १८२० साली जोसेफ टेलर बेळगावात आले, ते लंडन मिशनरी सोसायटीतर्फे. त्या सोसायटीने इथले काम १९०४ मध्ये अमेरिकेच्या मेथॉडिस्टांकडे सोपवले. आमच्याकडची म्हातारी माणसे अजूनही त्या आवाराला ‘अमेरिकन मिशन’च म्हणतात.

लेखकाला ही इमारत ‘अगदीच साधी’ वाटली. साधी आहेच. एकच लांबट खोली, जांभ्या दगडाच्या भिंती, वर मंगळुरी कौले, पुढच्या त्रिकोणी भिंतीच्या शेंड्याला एक घंटा. मूर्ती नाही, रंगीत काच नाही. उपासनेची घरे साधी नि नीटनेटकी बांधा, गरजेबाहेर खर्च करू नका, असा या पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांचा दंडकच होता. स्वतः त्यांनी उघड्या माळावर प्रवचने केली. प्रवचनाला महत्त्व, म्हणून इथे समोर मधोमध व्यासपीठ आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून प्रभुभोजन घेण्यासाठी लाकडी कठडा. हातांच्या घर्षणाने तो कठडा चिंचोक्यासारखा गुळगुळीत झालाय.

मी ख्रिस्ती नाही. माझे वडील गवंडी होते आणि दर मे महिन्यात या चॅपेलच्या शाकारणीला जायचे, मी कौले हातोहात द्यायला. खालून मराठी गीताची तालीम ऐकू यायची, मग तेच गीत कन्नडमध्ये.

आता मुद्द्याचे. दोन वर्षांपूर्वी दक्षिणेच्या भिंतीला कुणीतरी हौसेने सिमेंटचा गिलावा केला. जांभा पाणी पितो. चुन्याचा गिलावा ते पुन्हा बाहेर सोडतो, सिमेंट आत कोंडून ठेवते. आमच्याकडचा पाऊस काय सांगावा! गेल्या श्रावणात खिडकीखालचा गिलावा पापडासारखा फुगला. बोटाच्या पेराने वाजवून पाहिला तर पोकळ. एक पोपडा निघाला, आतला दगड ओल्या गुळाच्या ढेपेसारखा हाताला आला. जुना चुना असलेली उत्तरेची भिंत मात्र ठणठणीत आहे. तरीही उरलेल्या तिन्ही बाजूंना सिमेंट आणि कौलांऐवजी पत्रे घालायचे घाटत आहे, असे कानावर आले.

चॅपेलच्या मंडळीच्या कारभारात नाक खुपसायचा मला अधिकार नाही. पैशांची अडचण असते, हेही कळते. दरवर्षीची शाकारणी कुणाला परवडते? हवे तर पत्र्यांचे नंतर बघा, पण भिंतीला सिमेंट लावू नका. दक्षिणेचा गिलावा खरवडून काढा, एक उन्हाळा भिंत वाळू द्या, मग कळीचा चुना लावा. वडील त्यात हिरड्याचे पाणी आणि गूळ घालत. हे काम येणारे दोन म्हातारे गवंडी आमच्या गावात अजून आहेत; एकाला मोतीबिंदू आहे, पण हाताचा अंदाज चुकत नाही. वडिलांची थापी माझ्याकडे माळ्यावर पडून आहे. पाळकांनी निरोप धाडला तर नेऊन देतो.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव